समासातले महाशय

१ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून नवी रोजनिशी. जुनी अर्धी कोरी आहे, पण तिच्यातल्या संकल्पांकडे बघवत नाही. नवी सुरुवात नव्या वहीतच व्हावी.

काल मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मॅडम म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाईड. या महिनाअखेर रिटायर होतायत. माझा विषय, 'विद्यार्थी पुस्तक अर्धवट का सोडतात', त्यांनीच मंजूर केला होता. कधी, ते लिहीत नाही. पहिलं प्रकरण तेव्हाच झालं. दुसऱ्यावर काम चालू आहे. स्टाफरूममध्ये मला 'दुसरं प्रकरण' म्हणतात, तेही आता सवयीचं झालंय.

मॅडमनी शांतपणे सांगितलं की रजिस्ट्रेशनची मुदत वाढवून वाढवून संपली. आणखी वाढवायची तर कमिटीला त्यांची सही लागेल, आणि त्या उगाच सही करणार नाहीत. मग कपाटातून तपकिरी कव्हर घातलेला एक जाडजूड प्रबंध काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "हा पूर्ण वाचा. यात काय म्हटलंय ते तुमच्या शब्दांत एक पान लिहून आणा. मी सही करते."

एक पान!

खरं सांगायचं तर अपमान वाटला. माणूस कॉलेजात शिकवून शिकवून डोक्यावरचे केस घालवून बसलाय आणि त्याला शाळेतल्या पोरासारखं एक पान? दार उघडंच होतं. बाहेर भूगोलवाले बसले होते, त्यांनी ऐकलं असणार. कान तापले. मान खाली घालून बाहेर पडलो.

रात्रभर विचार केला. एक पान म्हणजे सही झाल्यातच जमा. संकल्प: पान असं लिहायचं की मॅडमना वाटावं, याला उगाच एकच पान सांगितलं.

दुपारी

वाचनाआधी नियोजन. लोक इथेच चुकतात. पुस्तक उघडतात आणि वाचत सुटतात. मी कन्येचा चार्टपेपर आणि स्केचपेनं घेऊन एक महिन्याचा तक्ता केला. पहिला आठवडा, तयारी. मग दोन आठवडे, वाचन. त्यानंतर चिंतन. आणि दिवस एकोणतीस व तीस, प्रत्यक्ष लेखन. चौकटी पट्टीने आखल्या. फार देखणा झालाय. फ्रिजवर लावला.

बायको भाजी काढायला आली, तेव्हा तक्त्यासमोर जरा जास्तच वेळ थांबली. तीस दिवस का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, घाई करून चालत नाही, हे संशोधन आहे. ती काही बोलली नाही. कौतुक तिला तोंडावर करता येत नाही.

३ फेब्रुवारी

तयारीचा आठवडा. शैक्षणिक वाचन कसं करावं यावरचे व्हिडिओ पाहिले. चार पानं नोट्स निघाल्या. मुख्य गोष्ट ही, की सराईत संशोधक पुस्तक कधीच पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी शेवट, मग सुरुवात, मधलं गरज पडली तर. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश वगैरे निव्वळ वेळखाऊ. शिवाय लेखकाचं नाव कळलं की दडपण येतं आणि मत कलुषित होतं.

म्हणून प्रबंधाची पुढची सगळी पानं न बघता एकत्र धरली आणि काळ्या मोठ्या क्लिपने गच्च आवळून टाकली. आता मोह नाही.

माझ्याइतका निःपक्षपाती वाचक या प्रबंधाला आजवर मिळाला नसेल.

५ फेब्रुवारी

रंगपद्धती. पिवळा हायलायटर म्हणजे महत्त्वाचं. गुलाबी म्हणजे मला मान्य नाही. हिरवा म्हणजे नंतर नीट वाचू.

बसलो. उठलो तेव्हा पानं हिरवीगार झाली होती. रंगाची काही चूक नाही, लेखकाने सगळंच नंतर वाचण्यासारखं लिहून ठेवलंय. हिरवा संपला. उद्या नवा आणायचा. वाचन हिरव्यासाठी अडलंय.

७ फेब्रुवारी

आज खरी मजा आली. नवं तंत्र: समासात लेखकाशी वाद घालायचा. गप्प वाचणारा झोपतो, भांडणारा शिकतो, असं व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या. पेन्सिल नको, पेन घ्या, म्हणजे मत ठाम होतं, हे मात्र माझं.

नाव क्लिपखाली असल्यामुळे लेखकाला मी 'महाशय' म्हणतो. महाशयांनी म्हणे एका सार्वजनिक वाचनालयात महिनोन्‌महिने बसून, लोक पुस्तक हातात घेतल्यावर नक्की काय करतात, ते पाहिलं. बसून पाहणं! याला संशोधन म्हणतात! समासात लिहिलं: 'कशावरून?' पुढच्या परिच्छेदाला: 'पुन्हा तेच.' त्याच्या पुढे: 'पाल्हाळ.' एका पानावर तर वाचनालयाच्या खिडकीचं वर्णन. खिडकी! तिथे पुन्हा 'कशावरून?', पुन्हा 'पाल्हाळ', आणि शेवटी: 'महाशय, मुद्द्यावर या.' खाली दोन रेघा.

मन हलकं झालं. इतकी वर्षं लोक माझ्या लिखाणावर असं लिहीत आलेत. दुसऱ्या बाजूला बसायला बरं वाटतं.

९ फेब्रुवारी

कॉरिडॉरमध्ये मॅडम समोरून आल्या. वळायला जागा नव्हती. वाचन कुठवर आलं, म्हणून विचारलं. मी एकदा झालं, दुसऱ्यांदा चालू आहे, असं सांगितलं. हे अगदीच खोटं नाही. शेवट एकदा आणि सुरुवात एकदा, अशी दोनदा सुरुवात झालेलीच आहे.

कसा वाटला, असंही विचारलं. मी जरा विचार केल्यासारखा थांबलो आणि म्हटलं की लेखक प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, पण पसारा फार. कुणीतरी हात फिरवायला हवा होता.

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "असेल. वय लहान होतं."

कुणाचं, ते विचारणार होतो, तेवढ्यात बेल झाली. बहुधा लेखक त्यांच्या ओळखीचा असावा.

खोटं बोलल्याची थोडी लाज वाटली. पण मी आता वाचणारच आहे, म्हणजे ते खोटं फक्त थोडं लवकर बोललो.

११ फेब्रुवारी

टायमर पद्धत. पंचवीस मिनिटं वाचन, पाच मिनिटं विश्रांती. स्वयंपाकघरातला टायमर घेतला. टायमर लावला की मला टायमरच दिसतो. पहिली पंचवीस मिनिटं तो किती उरला ते बघण्यात गेली. विश्रांती मात्र ठरल्याप्रमाणे झाली.

बायकोने अंडी उकडत ठेवली होती, तिला टायमर सापडला नाही. पातेलं करपलं. ती म्हणाली की टायमर घेतलात ते घेतलात, निदान वाचलंत तरी का. मी टायमर जागेवर ठेवून आलो.

संध्याकाळी कन्या शाळेच्या प्रोजेक्टची वही घेऊन शेजारी बसली. प्रबंधात काय आहे, म्हणून विचारलं. मी तिला रंग समजावले. पिवळा कशाला, गुलाबी कशाला. समास दाखवले. तक्ता तर तिने पाहिलेलाच. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग परत विचारलं, "बाबा, पण आहे काय त्यात?"

सांगता येईना. वाचनालय आहे, म्हटलं. खिडकी आहे. तिने थोडी वाट पाहिली आणि आपल्या वहीकडे वळली. पोरीसमोर अशी मान खाली जायला नको होती. फार लाज वाटली, ती जेवतानाही जाईना.

संकल्प: उद्या पहाटे उठून पन्नास पानं.

१२ फेब्रुवारी

उठलो, पण पहाटे नाही.

१३ फेब्रुवारी

वाचन अडलं तर लिहून मोकळं व्हावं, यालाही तंत्र आहे. मुक्तलेखन. दहा मिनिटं पेन न उचलता, मनात येईल ते लिहायचं. त्यातून मुद्दे आपोआप निघतात.

लिहिलं. मुद्दा निघाला तो असा: भूगोलवाले माझ्यानंतर नोकरीला लागले, त्यांची पीएचडी झाली, आणि ते स्टाफरूममधल्या पंख्याखालच्या खुर्चीवर बसतात. दहाच्या दहा मिनिटं हेच निघालं. शेवटी तर खुर्चीचं चित्रही काढलेलं दिसतंय.

कागद फाडला. बायकोला सापडू नये म्हणून बारीक फाडला.

१५ फेब्रुवारी

नशीब उघडलं!

प्राचार्यांनी बोलावलं. अठरा तारखेला विद्यार्थ्यांसाठी 'वाचनतंत्रे आणि लेखन-नियोजन' यावर कार्यशाळा आहे, बाहेरच्या वक्त्याचा घसा बसलाय, आणि या विषयात इतकी वर्षं काढलेला कॉलेजात मीच, असं म्हणाले. अध्यक्षस्थानी मॅडम. त्यांचा निरोप समारंभही त्यातच उरकायचा.

आलो तो उडतच आलो. हिला सांगितलं. ती म्हणाली की वाचून झालंय का, ते आधी बघा. माणसाचा उत्साह कसा मारावा, हे हिच्याकडून शिकावं. कार्यशाळेची तयारी म्हणजे वाचनच की. तक्त्यातल्या वाचनाच्या चौकटी कार्यशाळेकडे वळवल्या.

१७ फेब्रुवारी

स्लाइड्स झाल्या. शीर्षकाचा फॉन्ट ठरवण्यात काल गेला. कळस म्हणून शेवटची स्लाइड: समासातला संवाद. प्रबंधातलं माझ्या शेऱ्यांनी सर्वांत भरलेलं पान, ते खिडकीचं, फोनने फोटो काढून घातलं. पडद्यावर मोठं केलं की माझं अक्षर बरं दिसतं.

१८ फेब्रुवारी, दुपारी

काय सांगू! हॉल भरलेला. मागे पोरं उभी. मी बोलतोय आणि लोक लिहून घेतायत. शेवटची स्लाइड आली. मी सांगितलं की मोठ्या विद्वानालाही वाचकाने घाबरू नये, आणि एकेक शेरा मोठ्याने वाचून दाखवला. 'कशावरून?'ला हशा. 'पाल्हाळ'ला हशा. 'महाशय, मुद्द्यावर या' म्हटल्यावर तर पोरांनी बाकं बडवली.

मॅडम पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, आणि परत पडद्याकडे बघितलं. निरोपाचा दिवस, भरून आलं असणार.

अध्यक्षीय भाषण त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. "समासात लिहिणारा वाचक प्रत्येक लेखकाला हवा असतो. फक्त त्याने शेवटपर्यंत सोबत करावी." टाळ्या. माझ्या पद्धतीला एवढी जाहीर दाद त्यांनी कधी दिली नव्हती.

बाहेर भूगोलवाल्यांनी बाजूला घेतलं. पडद्यावरचा प्रबंध कुणाचा, ते माहीत आहे का, म्हणाले. मी हसून सांगितलं की नाव बघायचंच नाही, हेच तर तंत्र आहे. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग चहाला गेले. जळतात. जळू देत.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळी

घरी येऊन हिला सगळं साग्रसंगीत सांगितलं. भूगोलवाल्यांचं तोंड कसं झालं तेही. ही हात पुसत उठली, टेबलावरून प्रबंध घेतला, आणि मी नको नको म्हणत असताना क्लिप काढली.

पहिल्या पानावर नाव. नाव मॅडमचं, आडनाव माहेरचं असावं.

"अहो," ही म्हणाली, "हा त्यांचाच आहे."

मी म्हटलं की त्या नावाच्या पुष्कळ बायका असतात. हिने पुढचं पान उलटलं आणि अर्पणपत्रिका वाचून दाखवली. 'आईला. तिला वाचता येत नव्हतं, तरी रोज विचारायची, आज काय वाचलंस?' ऋणनिर्देशात आमच्या कॉलेजचं नाव होतं. नव्यानेच लागलेल्या नोकरीबद्दल आभार मानले होते.

हिने विचारलं, पडद्यावर कुठलं पान दाखवलंत. मी सांगितलं. तिने ते पान काढून शेरे एकेक करून वाचले. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

लिहवत नाही.

१९ फेब्रुवारी

कॉलेजला गेलो नाही. कणकण आहे. थर्मामीटर काही दाखवत नाही, पण थर्मामीटर जुना आहे.

२० फेब्रुवारी

शेरे काढायचे ठरवलं. काढले की झालं.

खोडरबराने निळं पसरलं. पांढरी शाई लावली तर हिरव्या हायलायटरवर ती वेगळीच चमकायला लागली, आता लांबूनही दिसते. मग ब्लेडने हलक्या हाताने खरवडलं. 'महाशय' निघालं. त्याबरोबर पानही निघालं. भोकातून मागच्या पानावरचं 'पुन्हा तेच' दिसतं.

कन्या दारात येऊन बघत होती. मी ब्लेड खाली ठेवलं. ती निघून गेली. घरात कुणीच काही विचारत नाही आता. त्याचीच जास्त लाज वाटते.

२१ फेब्रुवारी

माफी मागायची. समोरासमोर जमणार नाही, पत्र लिहावं. पत्र नीट व्हावं म्हणून आधी आराखडा. मधोमध वर्तुळात 'क्षमा' आणि त्यातून फांद्या: पार्श्वभूमी, कारणमीमांसा, परिस्थितीचा रेटा, प्रत्यक्ष क्षमायाचना, समारोप.

पार्श्वभूमी दोन पानं झाली. त्यात मॅडमनी मला सविस्तर सांगितलं असतं तर, असा एक मुद्दा येत होता. तो काढला. परत आला. परत काढला. क्षमेपर्यंत पोहोचलोच नाही.

२३ फेब्रुवारी

मॅडम भेटू नयेत म्हणून मागच्या जिन्याने गेलो. मॅडम मागच्या जिन्यानेच येत होत्या. निरोपाला येणाऱ्या लोकांना टाळत असाव्यात.

जिन्यावर आम्ही दोघंच. मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो. त्या फक्त एवढंच म्हणाल्या की कपाट रिकामं करायचंय, प्रबंध जरा हवा होता, उद्या आणाल का. मी हो म्हटलं. सहा पायऱ्या उतरल्यावर लक्षात आलं, मला वर जायचं होतं.

२४ फेब्रुवारी

दिला. वर्तमानपत्रात गुंडाळून, पुन्हा पिशवीत घालून दिला.

केबिनमध्ये खोकी. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा काढलेलं. मी उभा राहून पाठ केलेलं बोलायला लागलो, 'मॅडम, काही पार्श्वभूमी अशी की', तेवढ्यात त्यांनी बसा म्हटलं. कार्यशाळेचं काही काढलंच नाही. पान कुठवर आलंय, एवढं विचारलं.

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं की तयार आहे, फक्त फेअर करायचंय.

का बोललो? कुणी मागितलं होतं? सगळं माहीत असलेल्या माणसासमोर खोटं बोललो, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. अठ्ठावीसला दुपारपर्यंत आणा, म्हणाल्या. पिशवीत काय आहे ते त्यांनी माझ्यासमोर उघडून बघितलं नाही. मला जिना उतरेपर्यंत वेळ दिला.

इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. पण पान झालं तर सगळं भरून निघेल. तक्त्याप्रमाणे सध्या चिंतन चालू आहे, लेखनाला अजून वेळ आहे.

२६ फेब्रुवारी, सकाळी

ही तक्त्याच्या आजूबाजूने फ्रिज पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, फेब्रुवारीत एकोणतीस आणि तीस तारीख कुठून आणलीत?

मी चौकटी पुन्हा मोजल्या.

हिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. त्याच वेळी का नाही बोललीस, म्हणून विचारलं. तर म्हणे, इतक्या प्रेमाने पट्टी घेऊन आखला होता.

माझं नियोजन बरोबर होतं. महिना अपुरा निघाला.

२६ फेब्रुवारी, दुपारी

महिन्याला दोष देऊन झाला. आता बसून लिहायचं. पण लिहायचं कशावरून? प्रबंध मॅडमकडे. आणि मला आठवतंय काय, तर माझेच शेरे. महाशयांनी काय म्हटलं ते आठवत नाही, मी त्यांना काय म्हटलं ते सगळं आठवतं.

२७ फेब्रुवारी

पान झालं. एक पान, दोन्ही बाजूंना समास सोडून. 'प्रस्तुत प्रबंध वाचनव्यवहाराच्या विविधांगी पैलूंवर बहुमोल प्रकाश टाकतो.' अशीच पुढची सगळी वाक्यं. वाचताना वाटलं, छान आहे. कुठल्याही प्रबंधाला चालेल.

कन्येला वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकलं. मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या ओठांवर प्रश्न आला होता, तो तिने विचारला नाही. माझी कीव करून विचारला नाही, हे मला दिसलं.

फाडलं. या खेपेला बारीक फाडायचं सुचलं नाही.

२८ फेब्रुवारी

कोरा कागद घेतला. तक्ता नाही, फांद्या नाहीत, टायमर नाही. एकच वाक्य लिहिलं: 'मी हा प्रबंध वाचला नाही.' खाली सही.

केबिनमध्ये आता टेबल आणि दोन खुर्च्या तेवढ्या उरल्यात. भूगोलवाले खोकी उचलायला आले होते, त्यांच्यासमोरच कागद दिला. नंतर देतो म्हणालो असतो तर दिला नसता. ते खोकं घेऊन बाहेर गेले आणि जाताना दार ओढून घेतलं. त्यांच्याबद्दल मी या वहीत लिहिलेलं आठवलं.

मॅडमनी कागद वाचला. एकच ओळ, पण बराच वेळ वाचला.

"हे मात्र तुमच्या शब्दांत आहे," म्हणाल्या.

मी म्हटलं, "चुकलो, मॅडम." पार्श्वभूमी वगैरे काही आलं नाही.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "यावर सही होत नाही. तुम्हालाही माहीत आहे." मला माहीत होतं. रजिस्ट्रेशन आज संपलं. दुसऱ्या प्रकरणासकट.

उठताना त्यांनी माझीच पिशवी परत माझ्या हातात दिली, आत प्रबंध. "माझ्याकडे आता ठेवायला कपाट नाही," म्हणाल्या. आणि नव्याने नोंदणी करायला वयाची अट नसते, हेही सांगितलं, जिना कुठे आहे ते सांगावं तसं.

१ मार्च

तक्त्याप्रमाणे आज दिवस एकोणतीस. प्रत्यक्ष लेखन. लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही.

दुपारचं जेवण झाल्यावर पिशवीतून प्रबंध काढला. क्लिप नव्हती. पहिल्या पानापासून उघडला.

माझ्या प्रत्येक शेऱ्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात उत्तर होतं. 'कशावरून?' खाली: 'पुढच्याच पानावर पुरावा आहे.' 'पाल्हाळ' खाली: 'खरं आहे. तेव्हाही कळत होतं, काढवलं नाही.' 'पुन्हा तेच' खाली: 'तेच नाही, पण तसं वाटतं हा दोष माझा.' मी खरवडलेल्या पानाला मागून पातळ कागद चिकटवला होता आणि भोकात गेलेले शब्द त्यावर पुन्हा लिहून काढले होते. शेजारी: 'महाशय नव्हे. बाकी सूचना मान्य.'

चाळीस-एक पानांपर्यंत हे चाललं. मग माझे शेरे संपले. तिथे समासाच्या तळाशी लिहिलं होतं: 'यापुढे तुमची चाहूल नाही. वाट पाहिली.'

ही येऊन दिवा लावून गेली.

मग पुढे वाचत गेलो. रंग नाही, काही नाही, सरळ. तिसऱ्या प्रकरणात, म्हणजे गरज पडली तर वाचायच्या भागात, वाचनालयातल्या लोकांची टिपणं आहेत. त्यात हे: 'एक गृहस्थ नेमाने येतात. पुस्तक मागच्या बाजूने उघडतात, मग पुढची थोडी पानं बघतात, जागोजागी खुणा करतात, आणि ग्रंथपाल काही विचारायच्या आत उठून जातात. त्यांना आळशी म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, ते लाजतात. सगळं वाचलं आणि तरीही कळलं नाही तर काय, या भीतीने ते कुठलंच पुस्तक पूर्ण करत नाहीत. अर्धवट सोडलं, की निदान वेळ मिळाला नाही असं म्हणता येतं.'

म्हणजे विद्यार्थी पुस्तक अर्धवट का सोडतात, ते मला मंजुरी मिळण्याच्या कितीतरी आधी इथे लिहून झालं होतं. माझं सगळं संशोधन या एका परिच्छेदात बसलं असतं. मॅडमनी तो माझ्या हातात दिला होता आणि एक पान मागितलं होतं.

कन्या शेजारी येऊन बसली. तिने न विचारताच मी तिला यात काय आहे ते सांगितलं. एका दमात सांगता आलं. ती म्हणाली, "असं लोक खरंच करतात?"

सवयीने पेन उचललेलं होतं. त्या परिच्छेदाशेजारचा समास कोरा होता, मॅडमनी तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. 'कशावरून?' लिहायला गेलो आणि लिहिता आलं नाही. पेन कन्येच्या हातात दिलं आणि हो म्हणालो.